सालामांका: एक दिवस पुरे की मुक्काम करावा?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी आम्ही चौघं स्पेनला निघालोय. मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझे बाबा, वय ७३. माद्रिद, सेव्हिया, ग्रानादा पक्कं झालंय. माद्रिदच्या मुक्कामात एक दिवस मोकळा आहे आणि त्या एका दिवसावरून घरात तंटा पेटलाय.

बाबांना सालामांकाला, म्हणजे जुन्या विद्यापीठाच्या गावाला, जायचंय. ते निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचे. म्हणतात, "आठशे वर्षं चालू असलेली शाळा एकदा डोळ्यांनी बघायचीय." नवरा म्हणतो, "मी माझ्याच कॉलेजात चार वर्षं धड पाऊल टाकलं नाही, दुसऱ्याचं कॉलेज बघायला तिकीट कशाला काढू?" त्याला तोलेदो हवंय, कारण ट्रेनने अर्ध्या तासात पोचतो. लेकीला काहीही चालेल, आईस्क्रीम मिळाल्याशी कारण.

कोणी गेलंय का सालामांकाला? सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं आहे, की एक रात्र काढावी? बाबांना चालायला त्रास नाही, पण जिने नको म्हणतात. आणि आम्ही तिघं शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

टोळभैरव

तुमच्या यजमानांना साष्टांग दंडवत. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

केतकी_माद्रिद

नऊ वर्षं माद्रिदमध्ये राहतेय, पाहुण्यांना घेऊन पाच-सहा वेळा तरी गेले असेन. आधी कामाचं सांगते. ट्रेन चामार्तीन स्टेशनवरून सुटते, आतोचावरून नाही. माझी सख्खी नणंद आतोचाला जाऊन बसली होती, गाडी निघून गेल्यावर फोन आला. वेगवान गाडी पावणेदोन तासांच्या आत पोचवते, बसला अडीच तास लागतात. स्टेशनपासून प्लाझा मायोर, म्हणजे गावाचा मुख्य चौक, रमतगमत वीस मिनिटांवर.

दिवसात होतं का? होतं. पण तसं करू नका. सगळं जुनं गाव एकाच प्रकारच्या वालुकाश्मात बांधलेलं आहे, शेजारच्या व्हियामायोरच्या खाणीतल्या. खाणीतून काढला की हा दगड मऊ असतो, म्हणून त्यावर नक्षी कोरता येते. पुढे हवेने टणक होतो, आणि त्यातलं लोह गंजत जातं तसा सोनेरी-तांबूस रंग चढतो. दुपारच्या उन्हात तो नुसता पिवळा दिसतो. खरा दिसतो उन्हं कलल्यावर. एप्रिलअखेर तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. म्हणजे रात्री परत यायचं तर नेमकं ते सोडून तुम्ही गाडी गाठायला धावणार.

एक रात्र राहा. जिन्यांचं म्हणाल तर कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवर जायचं सोडलं तर बाकी गाव जवळपास सपाट आहे. फरसबंदी खडबडीत आहे, चपला नकोत, बूट घाला.

बोका_मामा

मी उलट सांगणार, राग नसावा. आम्ही एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. अविला आणि सालामांका एका दिवसात. सालामांकात मिळाले दोन तास चाळीस मिनिटं, त्यातला एक तास जेवणात. पिवळा दगड, पिवळा दगड, चर्च, पिवळा दगड. सगळे मिळून एका भिंतीकडे माना वर करून बेडूक शोधत होते. मला वाटलं उन्हाने लोकांचं डोकं फिरलंय. तोलेदोला निदान नदीचा देखावा आहे. यजमान बरोबर बोलतायत.

राघू_परदेशी

बोकामामा, दोन तास चाळीस मिनिटांत तर माणूस लक्ष्मी रोडही बघू शकत नाही.

मी पुण्यात स्पॅनिश शिकलो आणि पुढे एक सत्र सालामांकात होतो. स्पॅनिश शिकायला जगभरातून पोरं तिथे येतात, त्यामुळे गावात कायम जत्रा. आता त्या बेडकाबद्दल. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे सोळाव्या शतकातलं दगडातलं जरीकाम. मधोमध राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांचं पदक, वर पोप, आजूबाजूला वेलबुट्टी, राक्षस, देव, ढाली. आणि कुठेतरी एका कवटीवर बसलेला बेडूक. कोणी न सांगता ज्याला तो दिसला तो विद्यार्थी परीक्षेत पास, अशी समजूत. मला पहिल्या दिवशी दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दिसला नाही. तिसऱ्या दिवशी एका जपानी आजींनी बोट दाखवलं. परीक्षेत काय झालं ते विचारू नका.

कुठे आहे ते सांगू का?

शब्दखूळ

खबरदार!!

चिवडा

सांगा सांगा. आम्ही काही जाणार नाही, घरबसल्या तरी पास होऊ.

राघू_परदेशी

एवढंच सांगतो: उजवीकडचा खांब, आणि कवट्या मोजा. बास.

तो बेडूक म्हणजे वासनेचं प्रतीक आणि कवटी म्हणजे मरण, पोरांनो अभ्यास सोडून नको तिथे जाल तर हे होईल, असा अर्थ सांगतात. त्याकडे दुर्लक्ष करून गावाने त्याच बेडकाची कीचेन, मग, चॉकलेट आणि चड्ड्या काढल्या. लेखक मिगेल दे उनामुनो तिथला कुलगुरू होता. त्याच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं. लोक बेडूक बघतात हे वाईट नाही, नुसता बेडूकच बघतात हे वाईट. बोकामामा, हे तुमच्यासाठी.

बोका_मामा

मी तर बेडूकही नाही पाहिला. जेवणाची वेळ झाली होती.

इतिहासवेडा

छान धागा. बाबांसाठी थोडं.

लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये हे विद्यापीठ काढलं, २०१८ मध्ये आठशे वर्षं साजरी झाली. १२५४ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने त्याला सनद दिली, पुढच्याच वर्षी पोपची मान्यता आली. स्पेनमध्ये त्याआधी पालेंसियाला एक निघालं होतं, पण ते टिकलं नाही. त्यामुळे आजवर चालू असलेलं सर्वांत जुनं हेच.

१४८० च्या दशकात कोलंबसची योजना तपासायला नेमलेली मंडळी सालामांकात बसली होती. त्यांनी त्याला नकार दिला, आणि गंमत म्हणजे त्यांचं गणित बरोबर होतं. पृथ्वी गोल आहे हे त्यांना माहीत होतं. कोलंबसने तिचा घेर फारच लहान धरला होता. वाटेत अमेरिका लागली म्हणून तो वाचला. नेब्रिखा हा इथलाच प्राध्यापक, त्याने १४९२ मध्ये स्पॅनिश भाषेचं पहिलं व्याकरण छापलं. सान एस्तेबान मठातल्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हक्क काय, त्यांच्यावर युद्ध करणं न्याय्य का, हे प्रश्न वर्गात उघडपणे मांडले. राजाला ते आवडलं नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मुळाशी त्याचं नाव येतं.

आणि फ्राय लुईस दे लेओनचा वर्ग चुकवू नका. अजून तसाच ठेवलाय. बाकं म्हणजे ओबडधोबड तासलेले लाकडाचे ओंडके, पोरांनी सुऱ्यांनी खरवडलेले. हा माणूस कवी आणि धर्मशास्त्राचा प्राध्यापक. बायबलमधलं 'गीतांचं गीत' त्याने लॅटिनऐवजी स्पॅनिशमध्ये आणलं, हिब्रू मूळ पाठाला जास्त मान दिला. सहकाऱ्यांनीच तक्रार केली आणि १५७२ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, उचललं. जवळजवळ पाच वर्षं वायादोलिदच्या तुरुंगात. सुटून परत वर्गावर आला आणि म्हणाला, "काल आपण म्हणत होतो की..."

शब्दखूळ

अंगावर काटा. हे वाक्य खरंच म्हणाला होता का?

इतिहासवेडा

खरं सांगायचं तर समकालीन पुरावा नाही, गोष्ट नंतरची आहे. तुरुंग आणि वर्ग मात्र शंभर टक्के खरे.

टोळभैरव

आमचे गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर "काल आपण म्हणत होतो" म्हणून डायरेक्ट सूत्र लिहायला लागायचे. त्यांना कोणी पुतळा बांधला नाही.

चिवडा

१२१८ चं काय कौतुक? आपली तक्षशिला, नालंदा...

टोळभैरव

आली! आठरा प्रतिसादांत यायचीच होती. पैज जिंकलो.

संपादक_३

तक्षशिलेसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे सालामांका चालू आहे.

शब्दखूळ

भाषेवरून आठवलं. स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे, "निसर्गाने जे दिलं नाही ते सालामांका उसनं देत नाही." लॅटिनमध्येही सांगतात. आपल्याकडे ती एका दमात म्हटलीय: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

जुन्या कॅथीड्रलच्या आवारात सांता बार्बाराचं छोटं देवघर आहे. पदवीच्या परीक्षेआधीची रात्र उमेदवाराला तिथे कोंडून घालवावी लागायची, एका बिशपच्या थडग्याला पाय टेकवून, पुतळ्याच्या तळपायाला आपले तळपाय लावून बसायचं म्हणजे अक्कल पायातून वर चढते. सकाळी तिथेच परीक्षा. पास झाला तर पुढच्या दाराने वाजतगाजत, नापास झाला तर गाड्यांसाठीच्या मागच्या दाराने गुपचूप. पास झालेल्याने सगळ्यांना जेवण घालायचं, बैलांचा खेळ करायचा, आणि मग भिंतीवर लाल अक्षरांत त्याचं नाव आणि 'व्हीतोर' हे चिन्ह रंगवायचं. त्या रंगात बैलाचं रक्त असायचं. अजूनही गावभर भिंतींवर ती नावं दिसतात.

चिवडा

म्हणजे पेढ्यांवर सुटका होते ते बरंच आहे आपल्याकडे.

राघू_परदेशी

ती चाल अजून आहे, रंग आता नेहमीचा असतो. आणि कॅथीड्रलच्या भिंतीवर एक मोठा लाल व्हीतोर हुकूमशहा फ्रँकोचाही आहे, तो काही पीएचडीचा नव्हे. यादवी युद्धात १९३६ मध्ये त्याचं मुख्यालय कॅथीड्रलसमोरच्या बिशपच्या वाड्यात होतं. प्लाझा मायोरमध्ये त्याचं पदकशिल्प होतं ते २०१७ मध्ये काढलं.

१२ ऑक्टोबर १९३६ ला विद्यापीठाच्या सभागृहात उनामुनो फ्रँकोच्या बाजूच्या जनरल मियान आस्त्रायसमोर उभा राहिला तो प्रसंगही तिथलाच. "तुम्ही जिंकाल, पण मनं वळवू शकणार नाही," हे त्याचं वाक्य म्हणून जगभर फिरतं. त्यावर अभ्यासकांत वाद आहे, शब्द नंतर कोणी रचले वगैरे. पण त्याला कुलगुरूपदावरून काढलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो घरात नजरकैदेसारख्या अवस्थेत वारला, यात वाद नाही. कुलगुरू असताना तो आधी राहायचा ते घर विद्यापीठाच्या इमारतीला चिकटूनच आहे.

मृण्मयी_के

अरे बापरे, केवढी माहिती! बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते फ्राय लुईसपाशी थांबले आणि म्हणाले, "पुन्हा वाच." नवऱ्याने मात्र शाकाहाराचं काय झालं असं विचारलंय.

अण्णा_कोकणे

आता आमचा विषय आला.

मृण्मयीताई, सालामांका म्हणजे डुकराचं माहेर. गिहुएलो हे हॅमचं गाव त्याच प्रांतात. ओर्नासो नावाचा तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पावाच्या पोटात लोंगनिसासारखा चोरिसो, डुकराचं मांस आणि उकडलेलं अंडं. बाहेरून इतका निरागस दिसतो की आमच्या सौ.नी शंकरपाळ्याचा भाऊ समजून उचलला. दुसरा सापळा म्हणजे पातातास मेनेआस. कुस्करलेला बटाटा, पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीपूड, लसूण, दिसायला थेट आपली बटाट्याची भाजी. वर कुरकुरीत तुकडे दिसले की थांबा, ती चरबीसकट तळलेली डुकराची कातडी असते. "त्याशिवाय द्या" म्हटलं तरी फोडणी बऱ्याचदा त्याच चरबीची.

आणि "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं की हॅम घालून आणतात. मी वेटरला विचारलं तर तो मनापासून चकित होऊन म्हणाला, हे मांस नाही, हे हॅम आहे. त्यापेक्षा "सोय बेखेतारियाना" म्हणा आणि वर "नी खामोन, नी आतून" जोडा. हॅम नको, ट्यूना नको. ट्यूना हा त्यांच्याकडे सॅलडचा जन्मसिद्ध हक्क आहे.

बटाट्याचं जाड आम्लेट म्हणजे तोर्तिया, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, मेंढीचं चीज, मशरूम यावर दोन दिवस मजेत निघतात. व्हान डाइक रस्त्यावर जा, चौकापेक्षा स्वस्त, एकेक पेग आणि एकेक पिंचो, म्हणजे छोटा चटकमटक घास, घेत पुढे सरकायचं. बाबांची जेवणाची वेळ साडेसातची असेल तर अवघड आहे. रात्री नऊच्या आत जेवणारा माणूस तिथे आजारी समजतात.

केतकी_माद्रिद

अण्णा, लोंगनिसा नका म्हणू, गोव्यातले धावून येतील.

ईस्टर कधी आहे ते बघा मृण्मयी. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी तिथे 'लुनेस दे आग्वास' असतं. अख्खं गाव ओर्नासो घेऊन तोर्मेस नदीकाठी जाऊन बसतं. त्यामागची कथा अशी की उपासाच्या काळात गावातल्या वेश्यांना नदीपल्याड पाठवत आणि त्या दिवशी विद्यार्थी नावा घेऊन त्यांना परत आणायला जात. आता मुलाबाळांसकट सहल असते. आठवीतल्या लेकीला कथा कितपत सांगायची ते तुम्ही ठरवा.

गोंयकार

धावून आलों! लोंगनिसाच्या नावाने कोणी काय करायचं नाय.

पण आलोच आहे तर सांगतो. पणजीत कॅथलिक चर्चच्या जवळ गार्सिया द ओर्ता बाग आहे, तुमच्यातल्या अर्ध्यांनी तिथे बसून आईस्क्रीम खाल्लं असेल. तो ओर्ता सालामांकाचा विद्यार्थी. पोर्तुगालचा, पण वैद्यक शिकला ते स्पेनमध्ये, सालामांका आणि आल्काला इथे. १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला, इथल्या औषधी, मसाले, फळं यांवर संवादाच्या रूपात. त्यात आंब्यावर एक अख्खं प्रकरण आहे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, ब्रिटिशांच्या शंभर वर्षं आधी.

आईबाप ज्यू, जबरीने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ मध्ये वारला. मग बहिणीला इन्क्विझिशनने जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. इतिहासवेड्यांनी फ्राय लुईसचं लिहिलंय तेव्हा हाच आठवला.

इतिहासवेडा

वा! हे मला सुचलंच नव्हतं. मग मीही आपल्याकडचा एक धागा जोडतो.

प्लाझा मायोर १७२९ ते १७५५ या काळात बांधला. चुरिगेरा घराण्यातल्या आल्बेर्तोने सुरू केला आणि गार्सिया दे किन्योनेसने पुरा केला. चारी बाजूंनी ८८ कमानी, आणि कमानींच्या मध्ये राजे, सेनापती, कवी यांची गोल पदकशिल्पं. त्यात एक इंग्रज सेनापती वेलिंग्टनचंही आहे. २२ जुलै १८१२ ला गावाच्या दक्षिणेला आरापिलेसच्या टेकड्यांवर त्याने मार्मोंच्या फ्रेंच फौजेचा पराभव केला. जेवताना दुर्बिणीतून फ्रेंचांची फळी ताणलेली दिसली आणि हातातली कोंबडीची तंगडी फेकून घोड्यावर बसला, अशी कथा सांगतात. गावात शिकलेल्यांनी मात्र फ्रेंचांवर जास्त राग धरलाय, कारण त्यांनी किल्ले करण्यासाठी जुनी कॉलेजं आणि मठ पाडले.

हाच तो आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता, त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन. असईला त्याची तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली. म्हातारपणी विचारलं, तुमची लढाईतली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर वॉटर्लू नाही, असई म्हणाला.

मृण्मयी_के

इतिहासवेडा, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. बाबा भोकरदन तालुक्यातले. असई त्यांच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. केळणा आणि जुई नद्यांच्या मधलं ते रान त्यांनी पोरवयात पायी तुडवलंय, शेतात तोफेचे गोळे मिळायचे म्हणतात. आता ते सालामांकावरून हटायला तयारच नाहीत. नवऱ्याने शस्त्र खाली ठेवलंय. एक रात्र बुक केली.

टोळभैरव

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पहिल्यांदाच मराठ्यांचा विजय. यजमान शरण.

राघू_परदेशी

लेकीला सांगा, नव्या कॅथीड्रलच्या उत्तरेच्या 'पुएर्ता दे रामोस' दाराशी दगडात कोरलेला अंतराळवीर आहे. सोळाव्या शतकातला नाही, १९९२ च्या दुरुस्तीत कारागिरांनी आपली खूण म्हणून बसवला. शेजारी एक राक्षस हातात आईस्क्रीमचा कोन घेऊन बसलाय. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या.

आणि एस्कुएलास मेनोरेसमधलं 'सालामांकाचं आकाश' फुकट आहे. पंधराव्या शतकात फर्नांदो गायेगोने विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर राशी, नक्षत्रं रंगवली होती, त्याचा तिसरा भागच उरलाय. काळोख्या खोलीत शिरा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावले की वृश्चिक, धनू दिसायला लागतात. लगेच बाहेर पडणारे "काही दिसलं नाही" म्हणतात. बोकामामा, तुम्ही नव्हे.

मृण्मयी_के

मंडळी, काल परतलो. धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायला हवा.

राहिलो ते फार बरं केलं. दुपारी पोचलो तेव्हा रिमझिम होती आणि नवरा बोकामामांसारखाच चेहरा करून चालत होता. मग शिंपल्यांच्या घरापाशी, कासा दे लास कोंचास, भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले बघून थांबला. आत सार्वजनिक वाचनालय आहे आणि पोरं निवांत अभ्यास करत बसलीयत. एका शिंपल्याखाली सोनं पुरलंय अशी दंतकथा ऐकल्यावर त्याने तीन शिंपले ठोकून पाहिले.

विद्यापीठात जुन्या ग्रंथालयात शिरता येत नाही, काचेतून बघायचं. तिथे मोठमोठे पृथ्वीगोल ठेवलेत. अठराव्या शतकातल्या एका प्राध्यापकाने ते पुस्तकांच्या पैशातून आणले आणि हिशोबात 'गोल पुस्तकं' म्हणून दाखवले म्हणे. आणि पुस्तक पळवणाऱ्याला धर्मबहिष्कार, माफी फक्त पोपकडून, अशी पाटी आहे. नवरा ती पाटी बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ही आपल्या हॉलमध्ये लावू, तुझी मावशी आठ पुस्तकं घेऊन गेलीय."

बेडूक लेकीला चार मिनिटांत दिसला. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करत गेली. बाबा म्हणाले, ही कॉपी झाली. त्यांना स्वतःला शेवटपर्यंत दिसला नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

फ्राय लुईसच्या वर्गात दोरी लावलीय, बाकावर बसता येत नाही. ओंडके अगदी गुळगुळीत झालेत मधल्या भागात, कडांना तासलेल्या खुणा तशाच. बाबा वाकून खरवडलेली अक्षरं बघत राहिले. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बाकं खरवडणाऱ्या पोरांना पट्टी मारलीय. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाले, "खिडकी एकाच बाजूला आहे. मागच्या पोरांना फळा दिसत नसणार."

अण्णा, पातातास मेनेआस आम्हीही मागवली. हो, तुकडे होते. हो, वाचलं होतं. भूक लागली होती. शेवटी दुएन्यास मठातल्या नन्सकडून बदामाची बिस्किटं घेतली, त्यावर रात्र काढली.

आणि वेलिंग्टन. रात्री साडेनऊला चौकात दिवे लागले. एकदम. शेकडो माणसं फरशीवर मांडी घालून बसली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही माना वर करून एकेक पदक तपासत अख्खा चौक फिरलो, बाबांची मान दुखायला लागली. सापडला. मी फोटो काढायला उभं केलं तर आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, काढ, पण मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो.

इतिहासवेडा

तो फोटो टाका. बाकी काही नको.

बोका_मामा

मावशीच्या आठ पुस्तकांचं काय झालं?

केतकी_माद्रिद

दिवे लागल्यावरच्या टाळ्या! मी नऊ वर्षं सांगतेय सगळ्यांना, कोणी विश्वास ठेवत नाही.

गोंयकार

बाबांक आमचो नमस्कार सांग. पणजीक येयल्यार ओर्ताच्या बागेत भेटूंया, आईस्क्रीम माझ्याकडे.

निशिगंध_९

धागा उशिरा वाचला. जूनमध्ये जातोय. जाताना मध्ये अविलाला उतरून तटबंदी बघता येईल का?

केतकी_माद्रिद

येईल, पण प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढा, आणि सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. वेळापत्रक बघून मग या. आणि चामार्तीन. आतोचा नाही.